चीनला अहो-जाहो

नमस्कार मंडळी. इंग्रिडकाकू, तुम्हाला नमस्कार.

काकांना निरोप द्यायला इतके लोक येतील असं वाटलं नव्हतं. इथली, येनातली आपली मराठी मुलं आहेत, ती येणारच होती. ड्रेस्डेनहून सकाळच्या गाडीने चार-पाच जण आलेत. मागच्या रांगेत काकांचे कारखान्यातले जुने जर्मन सोबती बसलेत. मी काय बोलतेय त्यातलं त्यांना अक्षर कळत नाहीये, तरी कोणी जागचं हललेलं नाही.

मला बोलायचं नव्हतं. बोलणं हा माझा प्रांतच नाही. मी इथे प्रकाशशास्त्रात पीएच.डी. करते. दिवसभर माझं बोलणं यंत्रांशी असतं, आणि तेही बहुतेक चिडून. पण काकू म्हणाल्या, "मुक्ता, तू बोलायचंस." काकूंना नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. काकांच्या पुस्तकाच्या बाबतीत मी एक गोष्ट केली आहे. चुकीची गोष्ट. ती इथे, तुमच्यासमोर, काकूंसमोर सांगितल्याशिवाय मला घरी जाता येणार नाही. पण आत्ताच सांगितली तर पुढचं काही बोलता येणार नाही, म्हणून थोडं थांबते. तुम्हीही थांबा.

ज्यांना काका फक्त गणपतीत भेटायचे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महादेव चौगुले. निपाणीजवळच्या एका खेड्यातले. काचेचं काम शिकायला म्हणून तरुणपणी पूर्व जर्मनीत आले, इथल्या कारखान्यात भिंगं घासायला लागले, इंग्रिडकाकूंशी लग्न केलं आणि राहिले. पुढे बर्लिनची भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाल्या, कारखान्यातली माणसं कमी केली गेली. त्यात काकाही होते. वय पन्नास. आता पन्नाशीत नोकरी गेलेला माणूस काय करतो? कोणी पश्चिमेकडे गेलं, कोणी टॅक्सी चालवली. काका दर गुरुवारी लाइपझिगच्या गाडीत बसून चिनी भाषा शिकायला जायला लागले. विद्यापीठात गास्टह्योरर म्हणून, म्हणजे परीक्षा नाही, पदवी नाही, नुसतं येऊन ऐकायचं. काकू तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवायच्या. घर त्यांच्यावर चालायचं. शेजारच्या बायका विचारायच्या, तुझा नवरा काय करतो? काकू सांगायच्या, तो दुसरीत आहे.

पंधरा वर्षं ते दर गुरुवारी गेले. त्यातनं एक पुस्तक झालं. मराठीत. चीन नावाचा देश कसकसा घडत गेला, त्याचा मुलूख कसा वाढला, आणि त्या मुलखाबद्दल तिथल्या लोकांच्या कल्पना काय होत्या, यावरचं. सगळं पेन्सिलीने, कारखान्यातल्या जुन्या ड्रॉइंगच्या कागदांच्या पाठीवर लिहिलेलं.

मी काकांना भेटले तीन वर्षांपूर्वी, आमच्या इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये. ते बुधवारी तिथे हौसेने मदत करायला यायचे. मी एक भिंग पॉलिश करत होते आणि मला ते जमत नव्हतं. मागून आवाज आला, "दाबू नगंस पोरी, नुसतं फिरव." मी दचकले. जर्मनीत येऊन मला दोन महिने झाले होते, आईशी फोनवर सोडून मराठी कानावर पडलं नव्हतं. आणि हे तर असलं मराठी, जे मी नाशकातसुद्धा ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, तुम्ही मराठी आहात? ते म्हणाले, "न्हाई, मी जर्मनच हाय, पण मराठी बरं बोलतो." आणि तोंड इतकं सरळ ठेवलं की मला क्षणभर खरं वाटलं.

त्या शनिवारी जेवायला बोलावलं. काकूंनी भाकरी केली होती. इथे मिळतं त्या पिठाची, थापून. मी दोन खाल्ल्या आणि तिसरी मागायला लाजले, तर काकूंनी जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं आणि ताटात टाकली. जेवण झाल्यावर काकांनी कागदांचा गठ्ठा समोर ठेवला. म्हणाले, "टाइप करशील काय?" मी तीन भाकऱ्या खाऊन बसले होते. नाही कसं म्हणणार?

मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, काका, चीनच का? आपला एवढा मोठा इतिहास सोडून चीन?

ते म्हणाले, सांगतो. आणि निपाणीपासून सुरुवात केली.

त्यांच्या गावची शीव, म्हणजे गावाची हद्द, एका ओढ्यावर होती. ते शाळेत असताना एक दिवस शाळेची पाटी रंगवायला माणूस आला. तोवर ते मुंबई राज्यात होते, आता म्हैसूर राज्यात गेले. काका म्हणाले, "मास्तर त्योच, फळा त्योच, ओढा तितंच. पाटी तेवढी बदलली. मी बाला इचारलं, आपण कुठं गेलो? बा म्हणाला, कुठं न्हाई, बस गप." मोठेपणी ते इथे आले. वीस वर्षं राहिले. मग एका सकाळी हाही देश गेला. पैसे बदलले, पासपोर्ट बदलले, दुकानातल्या बरण्यांवरची नावंसुद्धा बदलली. काकूंचा तर जन्माचाच देश गेला. आणि मग काकांना कुठल्यातरी कागदासाठी ऑफिसात जावं लागलं, तिथल्या बाईंनी विचारलं, तुम्ही जर्मनीत कधी आलात? काका म्हणाले, "मी आलो न्हाई बाई. मी हितंच होतो. जर्मनी माझ्याकडं आली." त्या बाई हसल्या आणि त्यांनी काहीतरी तारीख टाकली.

काका मला म्हणाले, "दोनदा माझ्या पायाखालनं देश काढून घेतला, बसल्या माणसाखालची सतरंजी वडावी तसा. मग मी इचार केला, जगात एक देश तरी असा हाय म्हणतात, की जो हजारो वर्षं तसाच हाय. जाऊन बघावं, तसाच हाय काय." आल्झो, म्हणजे तर मग, हे ते कारण. मला वाटलं होतं काहीतरी पुस्तकी असेल.

आणि मग पंधरा वर्षं त्यांनी बघितलं. आणि तो देश तसाच नव्हता.

त्यांनी मला हे कसं समजावलं ते सांगते, म्हणजे ते शिकवायचे कसे ते तुम्हाला कळेल. काकू स्वयंपाकघरात टेबलावर बटाटे सोलत होत्या. काकांनी सोललेले बटाटे घेतले आणि मांडले. म्हणाले, ही पिवळी नदी. तिच्या काठानं ही सगळी छोटी छोटी राज्यं. प्रत्येकाला भोवती मातीची भिंत. ही सगळी स्वतःला म्हणायची, आम्ही मधले. आमच्याकडे रीत आहे, विधी आहेत, लिपी आहे. आणि बाहेरचे ते बाहेरचे. तेवढ्यात काकूंनी एक बटाटा उचलून भांड्यात टाकला. काका म्हणाले, "बघ, जिंकला." काकूंनी दुसरा टाकला. "ह्योबी गेला." शेवटी टेबलावर एकच उरला, तो सगळ्यात कडेचा होता, थोडा काळपट. काका म्हणाले, "आणि ह्यानं सगळ्यांना खाल्लं. हा पश्चिमेच्या टोकाचा. बाकीचे ह्याला अर्धा रानटी म्हणायचे. पहिला सम्राट ह्याच्यातला झाला. आणि आपण ज्याला चीन म्हणतो ते नाव बहुतेक ह्याचंच." काकूंनी तोही उचलला. जेवायला उशीर होत होता.

तुम्ही हसताय. काका असते तर तेही हसले असते, पण मग म्हणाले असते, हसून झालं? आता ऐका.

कारण त्यांना त्यातनं खरंच काहीतरी सांगायचं होतं. ते म्हणायचे, ज्यांना आधी बाहेरचे म्हटलं, तेच नंतर मधले झाले. एकदा नाही, वारंवार. उत्तरेकडून घोड्यावर बसून आलेले राजे झाले. शेवटचं घराणं तर चीनच्या मोठ्या भिंतीच्या पलीकडचं. आज आपण चीनचा जो एवढा मोठा नकाशा बघतो, वाळवंटं आणि गवताळ माळ धरून, त्यातला बराच मोठा भाग त्या बाहेरून आलेल्यांच्या राज्यात जोडला गेला. जुनी कल्पना अशी होती की आभाळाखालचं सगळं एकच आहे, त्याला कड नाहीच. जो रीत शिकेल तो आतला. मग शेकडो वर्षांनी जगाने सांगितलं, असं चालत नाही, रेघ काढा. मग रेघ काढली. आणि मग सगळे म्हणायला लागले, ही रेघ पहिल्यापासून होती.

काका भिंगवाले होते. भिंगाचा मध्य आधी धरायचा असतो आणि मग त्या मध्याला धरून कड घासायची असते. ते म्हणाले, "मला वाटायचं देशाचंबी तसंच असंल. आधी मध्य, मग कड. उलटं निघालं बघ. आधी कड कुठवर गेली ते ठरतं, मग लोक मध्य शोधून काढत्यात." मी रोज ज्या कामात असते, त्या कामातलं हे वाक्य आहे. माझ्या प्रबंधात घालता येत नाही म्हणून वाईट वाटतं.

आणखी एक त्यांना फार आवडायचं. चिनी लोक स्वतःच्या देशाला जे नाव देतात, त्याचा अर्थ मधला देश. पण जुन्या काळी तिथले बौद्ध भिक्षू आपल्याकडे यायचे, गंगेच्या काठी, आणि हेच नाव ते आपल्या मध्यदेशाला द्यायचे. म्हणजे मधला देश तो बुद्धाचा, आणि आम्ही कडेचे, असं ते स्वतःच लिहून ठेवायचे. काका हे सांगताना दर वेळी एवढे खूश व्हायचे, जसं काही ते भिक्षू निपाणीलाच उतरले होते.

आता पुस्तकाच्या नावाकडे येते. माझी गोष्ट तिथेच आहे.

काकांनी पुस्तकाला नाव दिलं होतं, "मधले देश". मधला देश नाही. मधले देश. कारण चिनी भाषेत त्या नावाला एकवचन-अनेकवचन काही नाही, दोन्ही वाचता येतं. आणि सुरुवातीला त्याचा अर्थ अनेकच होता, ती नदीकाठची राज्यं. मराठीतही गंमत अशी, की एक देश, दहा देश, शब्द तोच राहतो. आधीचं विशेषण तेवढं बदलतं. मधला, मधले. म्हणजे फरक किती? ल-ला काना की ल-वर मात्रा. बस, एवढाच. जर्मन वर्तमानपत्रात "राइश देअर मिटे" छापून आलं, मध्याचं साम्राज्य, की काका चिडायचे. म्हणायचे, ह्यांनी तीन शब्दांत सगळा इतिहास बुडवला.

पुस्तक पुण्याच्या एका प्रकाशनाकडे गेलं. त्यांनी ते घेतलं. मग त्यांच्या मुद्रितशोधकांची चिठ्ठी आली. मी ती चिठ्ठी काकांना वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं, "शीर्षकात देशाला आदरार्थी बहुवचन योजले आहे. देशासाठी असा प्रयोग रूढ नाही. शिवाय चीनला अहो-जाहो कशासाठी?"

काका इतके हसले की काकू आतून धावत आल्या. आम्ही दोघांनी मिळून त्यांना समजावलं. की मराठीत एका माणसाला मान द्यायचा असला, तर त्याच्यासाठी अनेकवचन वापरतात. मुलगा आला, पण काका आले. काकू म्हणाल्या, त्यात काय, आमच्या जर्मनमधलं आदराचं "झी" पण तेच. हसणं थांबल्यावर काकांनी डोळे पुसले. आणि म्हणाले, "ऐक पोरी. त्यो माणूस चुकला, पण काय बरोबर बोलला बघ. आपल्या भाषेत माणसाला मान द्यायचा तर त्याला अनेक करत्यात. मग देशाला अनेक म्हटलं, तर त्याचा मान वाढला का कमी झाला?"

मी ते कागदावर लिहून ठेवलं. ते पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे.

पण संपादकबाई ऐकेनात. त्या वाईट नव्हत्या, हे मला सांगायला हवं. त्यांना पुस्तक मनापासून आवडलं होतं. त्यांचं म्हणणं, दुकानात "मधले देश" वाचून माणसाला वाटेल पुस्तक चीनबद्दल नाहीच, किंवा छापायची चूक आहे. "मधला देश" करा. आणि नकाशात ठळक सीमारेषा घाला. काकांनी नकाशे पेन्सिलीच्या आडव्या टोकाने छटा देऊन काढले होते, मध्ये गडद, कडेला फिकट होत जाणारे. आठ महिने ई-मेल चालले. शेवटी नकाशे काकांनी सोडले. म्हणाले, घाला रेघा, वाचणारा वाचील. शब्द मात्र नाही सोडला.

मी एकदा वैतागून म्हणाले, काका, एका मात्रेसाठी पुस्तक अडवायचं? आणि तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा रागावले. म्हणाले, "एकवचनात नंतर आलेल्याला जागा नसती. कळतंय काय? देश पहिल्यापासनं एकच होता म्हटलं, की बाकीचे सगळे पाहुणे. मी हिकडं पाहुणा, तिकडं पाहुणा. पुस्तकात तरी नको."

मंडळी, मला ते कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं मी न कळून केलेलं नाही.

या उन्हाळ्यात काका आजारी पडले. हृदय. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, आणि काकूंनी मला सांगितलं, की नाताळ कदाचित दिसेल, कदाचित नाही. त्याच आठवड्यात संपादकबाईंचा मेल आला. नाव बदललं तर पुस्तक लगेच छापायला जाईल, महिन्या-दीड महिन्यात हातात पडेल. नाहीतर यंदाच्या यादीतून निघेल आणि पुढचं सांगता येणार नाही. मेल माझ्याकडेच यायचे. काका माझ्यावर सोपवून मोकळे झालेले.

मी इन्स्टिट्यूटमध्ये बसून तो मेल वाचला. आणि उत्तर दिलं. "लेखकांची संमती आहे. मधला देश चालेल."

एवढंच. दोन वाक्यं. मला वाटलं, त्यांना पुस्तक हातात धरू दे. पंधरा वर्षं. एकदा हातात धरू दे. मात्रेचं नंतर बघू, दुसऱ्या आवृत्तीत बघू. मी स्वतःला असं पुष्कळ काही सांगितलं.

मग मुखपृष्ठ आलं, ई-मेलवर. मी ते रंगीत छापून हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. मला वाटलं ते चित्र बघतील, स्वतःचं नाव बघतील. त्यांनी चष्मा लावला. स्वतःचं नाव बघितलंच नाही. बोट सरळ त्या ल-वर ठेवलं. आणि विचारलं, "ह्यो काना कुठनं आला?"

मी म्हणाले, काका, फॉन्टची गडबड आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी मराठी टाइप केलंय त्यांना माहीत आहे. इथनं फाइल पाठवली की पुण्यात काना-मात्रा-वेलांट्या उड्या मारतात. आमची सबंध तीन वर्षं त्यात गेली होती. एकदा तर सगळ्या पुस्तकातला "राजा" "राजी" होऊन आला होता. त्यामुळे काकांना ते पटलं. मी म्हणाले, छापताना नीट होईल. ते म्हणाले, "फॉन्ट व्हय. मग बरं. मला वाटलं कुणी मुद्दाम केलं."

आणि त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना तो कागद दाखवला. त्यांना जर्मनमध्ये समजावून सांगितलं, की आमच्या लिपीत स्वर कसे अक्षराच्या डोक्यावर किंवा बाजूला बसतात, आणि कॉम्प्युटरला ते कसं जमत नाही. ते आजोबा म्हणाले, गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, कॉम्प्युटरला काही जमत नाही. दोघं माझ्याकडे बघून हसले. मीही हसले.

त्यानंतर पाच आठवडे काका होते. मी एक दिवसाआड जायचे. पाच आठवड्यांत मला कितीतरी वेळा सांगता आलं असतं. दर वेळी जिन्यात ठरवायचे, आज सांगायचं. आत गेले की ते विचारायचे, "छापाय गेलं काय?" मी म्हणायचे, जातंय. मागच्या मंगळवारी ते गेले. पुस्तक छापून झालंच नाही. म्हणजे ज्यासाठी मी हे केलं, तेही झालं नाही.

इंग्रिडकाकू, तुम्हाला मराठी सगळं कळतं. तुम्ही उत्तर जर्मनमध्ये देता तो भाग वेगळा. म्हणजे आत्ता मी काय म्हणाले ते तुम्हाला कळलंय. मी जर्मनमध्ये पुन्हा सांगत नाही, कारण पुन्हा सांगायची माझ्यात ताकद नाही.

मी काल पुण्याला फोन केला. संपादकबाईंना सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, पुस्तक सोमवारी छापायला जाणार आहे. आता थांबवलं तर यंदा निघणार नाही, आणि पुढे निघेल याची हमी मी देऊ शकत नाही. नाहीतर आहे तसं जाऊ दे, लेखक आता नाहीत, वाचक तरी वाचतील. त्यांचंही चूक नाही. त्या म्हणाल्या, कळवा.

मी कळवलेलं नाही. एकदा त्या माणसाच्या वतीने मी उत्तर दिलं, परत देणार नाही. हक्क तुमचा आहे काकू. पंधरा वर्षं घर तुम्ही चालवलंत. गुरुवारचा डबा तुम्ही दिलात. तुम्हाला ते पुस्तक हातात हवं असेल, कपाटात दिसायला हवं असेल, तर ते पूर्णपणे योग्य आहे, आणि इथलं कोणी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. मी सोमवारी "मधला देश" म्हणून कळवीन. आणि तुम्ही थांबा म्हणालात, तर थांबवीन. मग ते कागद कदाचित तुमच्या घरातच राहतील, कायमचे. हे मला घरी येऊन विचारता आलं असतं. पण मी जे केलं ते कोणाला न विचारता, एकटीने केलं होतं. म्हणून हे सगळ्यांसमोर विचारते.

काकू, एकवचन की अनेकवचन?

घाई नाही. वेळ घ्या.

मागे ऐकू गेलं नसेल. काकू म्हणाल्या, "मेअरत्साल." शाळेत लहान मुलांना शिकवताना म्हणतात तो शब्द आहे हा. अनेकवचन.

ठीक आहे, काकू. मी आज संध्याकाळी पुण्याला कळवते. पुस्तक थांबेल. कागद तुमच्याकडे आहेत, फाइल माझ्याकडे आहे, आणि मी दुसरं प्रकाशन शोधीन, तिसरं शोधीन. मिळेलच असं मी म्हणत नाही. खोटं बोलायचं माझं आता संपलंय.

मंडळी, आपण सगळे उभे राहू या. मागच्या रांगेतले सोबती आपलं बघून उठतील. दोन मिनिटं शांत राहू. कोणाला प्रार्थना करायची असेल त्याने करावी, कोणाला नुसतं उभं राहायचं असेल त्याने उभं राहावं.

मला त्या आधी काकांशी एकच बोलायचं आहे. हॉस्पिटलच्या जिन्यात दर वेळी पाठ करून जायचे, तेच वाक्य आहे. काका, तो काना फॉन्टने दिला नव्हता, मी दिला होता.